चाळीचा ग्रुप फुकट कसा चालतो?

१४ ऑगस्ट २०२५ रोजी माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ही माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली, आणि तळमजला अधिक तीन मजल्यांच्या दगडी वाटणाऱ्या काँक्रीटच्या इमारतीतून चाळीस मजली टॉवरमध्ये. बाकीच्यांची पाळी टप्प्याटप्प्याने येते आहे. तोवर कुणी संक्रमण शिबिरात आहे, कुणी भाडे घेऊन दुसरीकडे राहायला गेले आहे.

गिरगावातल्या चाळींना लाकडी गॅलरी असते. बीडीडी चाळींना ती नाही. मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्या, एका मजल्यावर वीस, आणि संडास सगळ्यांचे मिळून. दिवसभर दारे उघडी ठेवायची रीत या पॅसेजमुळेच पडली. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा मुलगा दहावीला आहे, कुणाच्या घरी दुखणे आहे, हे सांगावे लागत नसे. टॉवरमध्ये हा पॅसेज नाही. माणसे पांगली तेव्हा त्याचे काम व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपने उचलले. मंडळाची वर्गणी, दहीहंडीचा सराव, म्हाडाच्या नोटिशीचा फोटो, मयताची वेळ, हरवलेल्या चाव्या, सगळे तिथेच येते.

हा ग्रुप चालवायला खर्च येतो. संदेश पोचवणारी यंत्रे लागतात, ती ठेवायला प्रचंड डेटा सेंटर लागतात, वीज लागते, समुद्राखालच्या केबल लागतात, हजारो अभियंत्यांचे पगार लागतात. चाळकरी त्यासाठी एक पैसाही देत नाहीत. मग देतो कोण, आणि कशाच्या बदल्यात?

बीडीडीतल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. फुकट मिळणाऱ्या घरामागे कुणाचा तरी हिशेब असतो, हे या वस्तीइतके मुंबईत फार थोड्यांना ठाऊक असेल. मुळात या चाळी उभ्या राहिल्या त्याच एका हिशेबावर. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कर्ज काढले गेले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीवर एक रुपया कर बसवला गेला. पन्नास हजार खोल्यांचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, म्हणजे सुमारे साडेसोळा हजार खोल्या. त्यातल्या १२१ चाळी एकट्या वरळीत. सुरुवातीला भाडे परवडेना, गिरण्या लांब पडत, म्हणून कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने इथल्या काही चाळींत तात्पुरता तुरुंगही थाटला होता.

म्हाडा करत असलेल्या आताच्या पुनर्विकासाचेही तसेच आहे. ५०० चौरस फुटांचे घर रहिवाशाला मोफत मिळते, पण ते आकाशातून पडत नाही. त्याच जमिनीवर विक्रीसाठी उभे राहणारे जादा मजले आणि फ्लॅट त्याचा खर्च भरून काढतात. म्हणूनच एप्रिल २०१७ मध्ये जांबोरी मैदानावर भूमिपूजन झाल्यानंतर चाळकऱ्यांनी वर्षानुवर्षे प्रश्न विचारले. पात्रता कोण ठरवणार? करारनामा आधी की खोली रिकामी करणे आधी? देखभालीचा खर्च किती आणि कोण भरणार? पार्किंग किती? काही जणांना ही अडवणूक वाटली. मला ती शहाणपणाची गोष्ट वाटते. जो माणूस फुकट घराचा करार वाचून सही करतो, त्याने फुकट ग्रुपचा करारही तितक्याच बारकाईने वाचावा, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम, मेसेंजर आणि थ्रेड्स ही सगळी मेटा या एकाच अमेरिकन कंपनीची दुकाने. २००४ साली मार्क झुकेरबर्ग आणि त्याच्या सोबत्यांनी हार्वर्डच्या वसतिगृहात फेसबुक सुरू केले. २०१२ साली कंपनीने इन्स्टाग्राम एक अब्ज डॉलरला घ्यायचे ठरवले. तेव्हा इन्स्टाग्राममध्ये जेमतेम तेरा माणसे कामाला होती. त्याच वर्षी फेसबुक शेअर बाजारात उतरले. आज जगातली तीन अब्जांहून जास्त माणसे रोज यांपैकी कुठले ना कुठले अ‍ॅप उघडतात.

२०२४ साली मेटाचे उत्पन्न सुमारे १६४.५ अब्ज डॉलर होते. रुपयांत धरले तर साधारण १४ लाख कोटी. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटींचा आहे, म्हणजे मेटाचे उत्पन्न राज्याच्या वर्षाच्या खर्चाच्या दुप्पट. या १६४.५ अब्जांपैकी १६० अब्जांहून अधिक केवळ जाहिरातींतून आले. शंभरातले सत्त्याण्णव रुपये जाहिरातीचे. खर्च वजा जाऊन त्या वर्षी कंपनीकडे ६२ अब्ज डॉलरचा नफा उरला. संदेश, फोटो, रील, लाइक हे सारे मेटाच्या दारातले सामान. गल्ला भरतो तो जाहिरातदार.

जाहिरातीवर चालणारा धंदा मराठी वाचकाला अनोळखी नाही. वर्तमानपत्र छापायला जितका खर्च येतो त्याहून कमी किमतीत ते आपल्या हाती पडते, कारण फरक जाहिरातदार भरतो. पण वर्तमानपत्रातली सोन्याच्या दुकानाची जाहिरात चाळीतल्या ऐंशीच्या ऐंशी खोल्यांत सारखीच जाते. मेटाची जाहिरात प्रत्येक खोलीत वेगळी जाते, आणि एकाच खोलीतल्या चार माणसांना चार वेगळ्या दिसतात. कुणाला कोणती दाखवायची हे त्या क्षणी, लिलाव करून ठरते. हा लिलाव समजला की धंदा समजला.

समजा, वरळीतल्या एक ताई दिवाळीचा फराळ करून विकतात. चकली, अनारसे, करंज्या. त्या इन्स्टाग्रामवर फोटो टाकतात आणि ‘बूस्ट’चे बटण दाबतात. कंपनी विचारते, रोज किती खर्च करणार? त्या म्हणतात, दोनशे रुपये. कुठल्या भागात? वरळीपासून पाच किलोमीटर. काय हवे? लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पाठवावा. एवढे सांगून झाले की ताईंचे काम संपले आणि यंत्राचे सुरू झाले.

तिकडे प्रभादेवीत कुणी एक बाई संध्याकाळी फोन उघडते. बोटाने पडदा वर सरकवते तेव्हा चार-पाच फोटोंनंतर जाहिरातीची एक जागा येते. त्या एका जागेसाठी, त्या एका बाईसाठी, सेकंदाच्या काही अंशात लिलाव होतो. त्यात फराळवाल्या ताई आहेत, मोबाईल विकणारी मोठी कंपनी आहे, कुठलीशी शिकवणी आहे, विमा आहे. जास्त बोली लावील तो जिंकेल असे वाटते, पण तसे होत नाही. यंत्र बोलीला एका शक्यतेने गुणते: ही बाई ही जाहिरात पाहून हवे ते करील याची शक्यता किती? मोबाईल कंपनी एका क्लिकला शंभर रुपये द्यायला तयार आहे, पण या बाईने क्लिक करण्याची शक्यता शंभरात एक, म्हणजे तिचे वजन एक रुपया. ताईंची बोली एका संदेशाला तीस रुपये, पण ही बाई गेली दोन वर्षे दिवाळीच्या आधी फराळाचे फोटो थांबून पाहते, म्हणून शक्यता शंभरात चार. वजन एक रुपया वीस पैसे. त्यात जाहिरातीच्या दर्जाचे गुण मिळवले जातात. ताई जिंकतात, मोबाईल कंपनी हरते. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, रीत मात्र हीच.

या हिशेबात सगळ्यात मोलाची गोष्ट बोली नव्हे, ‘शक्यता किती’ हे सांगता येणे आहे. जी कंपनी ही शक्यता अचूक सांगते तिच्याकडे जाहिरातदार धावतात, कारण त्यांचा पैसा वाया जात नाही. आणि शक्यता अचूक सांगायची तर माणूस ओळखावा लागतो. मेटाचा सारा खटाटोप या ओळखीसाठी आहे.

ओळख होते कशी? आपण काय लिहितो याहून आपण काय करतो यावरून. कुठल्या व्हिडिओवर बोट थांबले, कुठला दुसऱ्यांदा पाहिला, कुठल्या दुकानाचे पान उघडून बंद केले, किती वाजता फोन हातात घेतला. हे झाले कंपनीच्या अ‍ॅपमधले. बाहेरचेही कळते. हजारो वेबसाइट आणि अ‍ॅपमध्ये मेटाने दिलेला एक लहानसा कोड बसवलेला असतो. त्याला ‘पिक्सेल’ म्हणतात. तुम्ही एखाद्या साइटवर बूट पाहिले आणि घेतले नाहीत, की ही खबर मेटाकडे पोचते, आणि पुढचा आठवडाभर तेच बूट तुमच्या फोनवर येत राहतात. तिसरा मार्ग आणखी साधा. मॉलमधल्या दुकानात बिलासाठी आपण मोबाईल नंबर देतो. दुकानदार ग्राहकांच्या नंबरांची यादी मेटाला देऊ शकतो. यादी गुप्त आकड्यांत बदलून जुळवली जाते, आणि त्या ग्राहकांना, किंवा त्या ग्राहकांसारख्या दिसणाऱ्या इतर लाखोंना जाहिरात दाखवता येते.

या ओळखीची किंमत किती, याचा एक आकडा कंपनीनेच दिला आहे. २०२१ साली अ‍ॅपलने आयफोनवर एक प्रश्न विचारायला सुरुवात केली: या अ‍ॅपने तुमचा इतरत्र माग काढावा का? बहुतेकांनी नको म्हटले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मेटाने सांगितले, या बदलामुळे त्या वर्षी सुमारे दहा अब्ज डॉलरचे नुकसान होईल. फक्त एक प्रश्न विचारला म्हणून.

फराळवाल्या ताईंच्या बाजूनेही हे पाहायला हवे. पूर्वी त्यांना वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची तर परवडली नसती. फारतर पॅसेजमध्ये तोंडोतोंडी, मंडळाच्या स्मरणिकेत चौथाई पान, नाहीतर दादरच्या दुकानदाराकडे कमी भावाने माल. दोनशे रुपयांत पाच किलोमीटरमधले नेमके गिऱ्हाईक मिळणे ही लहान धंद्यासाठी खरी सोय आहे, आणि मध्य मुंबईतल्या कितीतरी घरांत त्यावर चूल चालते. मेटाचा धंदा असा लाखो लहान जाहिरातदारांच्या पैशावरही उभा आहे. त्याच वेळी मराठी वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिराती, ज्यांच्यावर जिल्ह्याजिल्ह्यातली दैनिके तगून होती, त्या याच रस्त्याने निघून गेल्या. बातमीदाराचा पगार ज्या पैशातून होई, तो पैसा आता दुसरीकडे जातो. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच खरी आहे.

आता व्हॉट्सअ‍ॅप. चाळीचा ग्रुप तिथे आहे, आणि तिथली गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे.

जान कूम आणि ब्रायन अ‍ॅक्टन या याहूतून बाहेर पडलेल्या दोघांनी २००९ साली व्हॉट्सअ‍ॅप काढले. त्यांचा नियम कडक होता. जाहिरात नाही. वर्षाला एक डॉलर घ्यायचा, बस. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने, म्हणजे आजच्या मेटाने, ते १९ अब्ज डॉलरला घ्यायचे जाहीर केले, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ५५ माणसे काम करत होती आणि ४५ कोटी लोक ते वापरत होते. २०१६ साली तो एक डॉलरही बंद झाला. २०१७ मध्ये अ‍ॅक्टन आणि २०१८ मध्ये कूम बाहेर पडले. आज भारतात पन्नास कोटींच्या आसपास लोक व्हॉट्सअ‍ॅप वापरतात, जगात कुठल्याही देशापेक्षा जास्त.

फेसबुकने एवढा पैसा कशाला मोजला? सॉफ्टवेअर तर तसे पुन्हा लिहिता आले असते. विकत घेतली ती माणसांची वहिवाट. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नवे गोपनीयता धोरण आणले: मान्य करा, नाहीतर अ‍ॅप बंद. लोक चिडले. अनेकांनी सिग्नल, टेलिग्राम उतरवून घेतले. थोड्याच दिवसांत बहुतेक जण परतले, कारण आजी व्हॉट्सअ‍ॅपवर, सोसायटीचे सेक्रेटरी व्हॉट्सअ‍ॅपवर, दूधवाला आणि शाळाही तिथेच. ऐंशी खोल्यांतला एक जण उठून दुसरीकडे गेला तर तोच एकटा पडतो, ग्रुपला काही होत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी उठायचे ठरवले तरच जमते, आणि तसे कधी होत नाही. या धंद्याची सगळ्यात भक्कम भिंत हीच आहे.

भारताच्या स्पर्धा आयोगाने हाच मुद्दा धरून १८ नोव्हेंबर २०२४ रोजी मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची माहिती जाहिरातींसाठी मेटाच्या इतर कंपन्यांना पाच वर्षे देऊ नये असा आदेश दिला. अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दंड कायम ठेवला, पाच वर्षांची बंदी मात्र उठवली.

लोक विचारतात, कंपनी आपले संदेश वाचते का? घरगुती गप्पा नाही वाचत, वाचू शकत नाही. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. मधल्या यंत्राला त्यातला मजकूर दिसत नाही. हे कुलूप खरे आहे. पण पाकिटाच्या आत काय आहे हे न पाहताही पाकिटावरून पुष्कळ कळते. तुमचा नंबर, तुमच्या फोनमधले नंबर, कोण कुणाशी केव्हा आणि किती वेळा बोलते, कुठल्या ग्रुपात आहे, ग्रुपचे नाव आणि फोटो काय, फोन कुठला, साधारण कुठे आहे. ‘बीडीडी चाळ, वरळी’ असे नाव असलेल्या ग्रुपमधली माणसे कोण, कुठली, हे कळायला एकही संदेश उघडावा लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपमधून पैसे येतात तीन वाटांनी. पहिली वाट म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या त्या जाहिराती, ज्यांवर बोट ठेवले की थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडते. फराळवाल्या ताईंची जाहिरात तीच. दुसरी, मोठ्या कंपन्यांचे संदेश. बँक, विमान कंपनी, किराणा, हे सगळे आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितात तेव्हा ते मेटाला संदेशागणिक पैसे मोजतात. भारतात जाहिरातीचा एक संदेश रुपयाच्या आत पडतो, पण असे संदेश कोट्यवधी जातात. लहान दुकानदाराचे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे २०१८ पासूनचे अ‍ॅप मोफत आहे. धंदा वाढला की पुढची पायरी पैशाची. तिसरी वाट नवी आहे. जून २०२५ मध्ये मेटाने जाहीर केले की व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘अपडेट्स’ भागात, स्टेटसच्या मधे, जाहिराती येतील. त्यासाठी शहर, भाषा, तुम्ही पाहता ते चॅनेल अशी माहिती वापरली जाते. कूम आणि अ‍ॅक्टन यांचा नियम विक्रीनंतर अकरा वर्षांनी मोडला. शिवाय डिसेंबर २०२५ पासून मेटाच्या एआयशी केलेल्या गप्पांचाही उपयोग कंपनी जाहिरात निवडायला करते. मेटा एआयच्या त्या निळसर वर्तुळाला आजार, कर्ज, लग्नाची अडचण विचारणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

एप्रिल २०२० मध्ये, वरळी कोळीवाड्यात कडक टाळेबंदी असताना आणि सारे शहर घरात बसलेले असताना, फेसबुकने मुंबईच्याच जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये घालून ९.९९ टक्के हिस्सा घ्यायचे जाहीर केले. सिमकार्ड, किराणा आणि व्हॉट्सअ‍ॅप एका माळेत आणायचा तो डाव होता. याआधी एक डाव फसला होता. २०१५ मध्ये ‘फ्री बेसिक्स’ नावाने फेसबुकने निवडक साइट फुकट द्यायची योजना आणली. पानपानभर जाहिराती दिल्या, होर्डिंग लावली. फुकट इंटरनेटच्या नावाखाली कंपनीनेच इंटरनेटची कुंपणे आखावीत का, असा प्रश्न देशभर उठला. लाखो लोकांनी ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, लिहिले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने साइटनुसार वेगवेगळा दर लावायला बंदी घातली आणि फ्री बेसिक्स गुंडाळले गेले. प्रश्न विचारला तर उत्तर मिळते, याचे हे आपल्याकडचे चांगले उदाहरण आहे.

भारतातल्या जाहिरातीचा पैसा कुठे जातो तेही पाहू. फेसबुक इंडियाने २०२३-२४ मध्ये इथल्या जाहिरातदारांकडून सुमारे २२,७३० कोटी रुपये गोळा केले. इथली कंपनी मेटाच्या जाहिरातीची जागा पुढे विकणारी, म्हणून त्यातला मोठा वाटा मूळ कंपनीकडे जातो. भारतीय कंपनीच्या हिशेबात तीन हजार कोटींच्या आसपास उत्पन्न राहिले आणि पाचशे कोटींच्या आसपास नफा. परदेशी ऑनलाइन जाहिरातींवर भारताने २०१६ पासून सहा टक्के कर लावला होता. तो १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाला. स्पर्धा आयोगाचा २१३ कोटींचा दंड या आकड्यांशेजारी ठेवून पाहावा.

तरीही कंपनीच्या दृष्टीने आपण स्वस्त गिऱ्हाईक आहोत. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकने अमेरिका-कॅनडातल्या एका माणसामागे ६८ डॉलर मिळवले, आशिया-पॅसिफिकमध्ये साडेपाच. अमेरिकेतला एक माणूस आपल्याकडच्या बाराजणांच्या तोडीचा. हा फरक केवळ कमाईचा राहत नाही. २०२१ साली बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांत दिसले की खोटी माहिती ओळखण्यावर कंपनी जो वेळ खर्च करी त्यातला ८७ टक्के अमेरिकेसाठी होता. कंपनीने हा आकडा अपुरा आहे असे म्हटले. पण जिथे पैसा कमी तिथे लक्ष कमी, हे महाराष्ट्राने सोसले आहे.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले राईनपाडा. बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. गुन्हा जमावाचा होता, कंपनीचा नव्हे. पण एक बटण दाबून एक अफवा अडीचशे ठिकाणी पाठवता येईल, अशी रचना कंपनीचीच होती. त्या महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्ड पाच ठिकाणांपुरते मर्यादित केले, जानेवारी २०१९ मध्ये जगभर, आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी. मर्यादा घालणे आधीही शक्य होते. ती राईनपाड्यानंतर आली.

आणि आजचा धोका सरळ खिशाला हात घालणारा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्सने मेटाची अंतर्गत कागदपत्रे पाहून बातमी दिली की २०२४ च्या उत्पन्नातले सुमारे दहा टक्के, म्हणजे १६ अब्ज डॉलर, फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येतील असा कंपनीचाच अंदाज होता. कंपनीने तो अंदाज ढोबळ आणि फुगलेला असल्याचे सांगितले. पण वर सांगितलेल्या लिलावाकडे पुन्हा पाहा. शेअर बाजारात महिन्यात पैसे दुप्पट, अशी जाहिरात ज्याने एकदा दाबली, त्याने पुन्हा दाबण्याची ‘शक्यता’ जास्त. यंत्र त्याला तसलीच जाहिरात पुन्हा दाखवते. निवृत्तीचे, फंडाचे पैसे नुकतेच हाती आलेला माणूस या यंत्राला फार लवकर सापडतो. जाहिरातीवरून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये ओढायचे, तिथे खोट्या नफ्याचे आकडे दाखवायचे, ही या फसवणुकीची नेहमीची चाल आहे.

मेटा वाईट आणि पॅसेज चांगला, असे मला म्हणायचे नाही. पॅसेजमध्येही चहाड्या होत्या आणि अफवाही. फरक एवढाच की तिथे ओळख दोन्ही बाजूंनी होती. शेजारीण माझ्या घरातले जाणत होती, मी तिच्या. कंपनी आपल्याला ओळखते, आपण तिला ओळखत नाही, आणि ती आपल्या ओळखीवर रोज कमावते. म्हाडाकडून जसा हिशेब मागितला तसाच इथेही मागता येईल. त्यासाठी २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आहेत, आणि मोठ्या चुकीला अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे.

घरी करण्यासारखेही बरेच आहे. फेसबुक-इन्स्टाग्रामवर कुठल्याही जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवून ती तुम्हालाच का दिसली हे विचारा. सेटिंगमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये जाऊन बाहेरच्या साइटवरून येणारी माहिती जाहिरातींसाठी वापरू नका असे सांगा. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीमध्ये ‘ग्रुप्स’ उघडून अनोळखी माणसाला तुम्हाला ग्रुपमध्ये ओढता येणार नाही असे करा. आईवडिलांच्या फोनवर हे आधी करा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा, पहिल्या तासाला फार किंमत असते. आणि नव्या टॉवरमध्ये ज्या सोसायट्या आता उभ्या राहत आहेत, त्यांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती: सभेची नोटीस, ठराव, देखभालीचा हिशेब हे ग्रुपवर जरूर टाका, पण लिफ्टशेजारच्या फलकावर आणि सोसायटीच्या वहीतही ठेवा. तुमच्या इमारतीचे दप्तर तुमच्या ताब्यात असू द्या.